विचारांची खातरजमा

(अंगाला दुखापत झाली की आपण दवाखान्यात जातो. मन दुखले तर काय करावे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. बोलणे, लिहिणे आणि करून पाहणे या तीन साधनांनी मनावर उपचार करणाऱ्या एका पद्धतीची ओळख या पाठात करून दिली आहे.)

मुलांनो, मराठीत एक म्हण आहे : 'मन चिंती ते वैरी न चिंती.' आपले मन आपल्याविषयी जेवढे वाईट चिंतते, तेवढे शत्रूदेखील चिंतत नाही, असा तिचा अर्थ. मनाचा हा स्वभाव जुन्या माणसांनी चांगला ओळखला होता. पण स्वभाव ओळखणे वेगळे आणि त्यावर उपाय शोधणे वेगळे. असा एक उपाय गेल्या साठ-सत्तर वर्षांत शोधला गेला, तपासला गेला आणि आज जगभर वापरला जातो. त्याला इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून 'सीबीटी' म्हणतात. मराठीत त्याला 'बोधात्मक वर्तनोपचार' असे नाव आहे. नाव जड आहे, परंतु गोष्ट अवघड नाही. विचार आणि वागणूक या दोन्ही बाजूंनी मनाच्या दुखण्यावर उपचार करणे, एवढाच त्याचा अर्थ.

समजा, दहावीच्या वर्गात दोन मैत्रिणी आहेत. आपण त्यांना सलमा आणि नसरीन म्हणू. सहामाही परीक्षेत दोघींनाही गणितात शंभरापैकी एकतीस गुण मिळाले. म्हणजे दोघीही नापास. नसरीन थोडा वेळ रडली. मग तिने उत्तरपत्रिका उघडून पाहिली आणि म्हणाली, ''भूमिती फारच कच्ची राहिली आहे. बाजींना विचारायला हवे.'' सलमाने उत्तरपत्रिका घडी घालून दप्तराच्या तळाशी टाकली. तिच्या मनात विचार आला, 'मला गणित येतच नाही. मार्चच्या परीक्षेतही मी नापास होणार. अब्बा शाळा बंद करतील. सगळे हसतील.' त्या रात्री तिला जेवण गेले नाही. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला तिचे पोट दुखू लागले. तिसऱ्या दिवशी ती शाळेतच आली नाही. पुस्तक उघडले की छाती धडधडायची, म्हणून तिने पुस्तक उघडणे सोडून दिले. पुढच्या चाचणीत तिला आणखी कमी गुण मिळाले. तेव्हा ती स्वतःलाच म्हणाली, 'पाहा, मी म्हणत नव्हते का?'

गुण सारखे, वर्ग सारखा, शिक्षिका त्याच. मग फरक कुठे पडला? घटना आणि दुःख यांच्या मध्ये एक पायरी असते. ती पायरी म्हणजे त्या घटनेविषयी मनात आलेला विचार. विचारातून भावना येते, भावनेतून वागणूक येते, आणि वागणुकीमुळे पुन्हा तोच विचार पक्का होतो. सलमा पुस्तक टाळते म्हणून गुण कमी होतात, आणि गुण कमी होतात म्हणून ती पुस्तक टाळते. घाण्याला जुंपलेल्या बैलासारखी ती त्याच फेऱ्यात फिरत राहते. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सलमा आळशी नाही, आणि तिचे पोटही खरोखरच दुखते. 'नाटक करते' असे म्हणणाऱ्या मोठ्या माणसांना हा फेरा दिसत नाही.

मनाची ही मधली पायरी शोधून काढण्यात दोन अमेरिकन माणसांचा वाटा मोठा आहे. पहिले अल्बर्ट एलिस. त्यांचा जन्म १९१३ चा. तरुणपणी त्यांना सभेत बोलण्याची फार भीती वाटत असे. ती घालवण्यासाठी त्यांनी मुद्दाम पुन्हा पुन्हा भाषणे केली आणि भीती पळाली. १९५५ च्या सुमारास त्यांनी आपली उपचारपद्धती मांडली. माणूस घटनेमुळे जेवढा दुःखी होतो, त्याहून अधिक तो घटनेविषयीच्या हट्टी समजुतींमुळे होतो, असे ते सांगत. 'मला यश मिळावे' ही इच्छा झाली. 'मला यश मिळालेच पाहिजे, नाहीतर मी कवडीमोलाचा' हा हट्ट झाला. त्यांच्या पद्धतीला मराठीत 'विवेकनिष्ठ मानसोपचार' म्हणतात. मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ किशोर फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ही पद्धत आत्मसात केली आणि महाराष्ट्रात रुजवली. त्यामुळे मराठी वाचकांना एलिस हे नाव परके राहिलेले नाही.

दुसरे डॉक्टर आरन बेक. त्यांची हकिगत तुम्हांला अधिक जवळची वाटेल, कारण तिची सुरुवात शाळेपासूनच होते. १८ जुलै १९२१ रोजी प्रॉव्हिडन्स या शहरात त्यांचा जन्म झाला. आईवडील रशियातून अमेरिकेत येऊन स्थायिक झालेले. लहानपणी आरनचा हात मोडला. जखमेतले जंतू रक्तात पसरले आणि तो मरता मरता वाचला. आजारपणात शाळा बुडाली व त्याला पहिलीच्या वर्गात मागे राहावे लागले. 'मी मठ्ठ आहे' अशी त्या मुलाची ठाम समजूत झाली. पण तो चिकाटीने अभ्यासाला लागला, मागे पडलेला अभ्यास त्याने भरून काढला आणि शेवटी आपल्या बरोबरीच्या मुलांच्याही एक वर्ष पुढे गेला. 'मी मठ्ठ आहे' हे वाक्य पुराव्यापुढे टिकले नाही. त्याच आजारपणात त्याच्या मनात रक्ताची आणि जखमांची भीती बसली होती. पुढे वैद्यकीय शिक्षण घेताना तिलाही तो हळूहळू सामोरा गेला.

बेक मनोविकारतज्ज्ञ झाले आणि १९५४ पासून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काम करू लागले. त्या काळी सिग्मंड फ्रॉईड यांच्या मतांचा मोठा दबदबा होता. दुसऱ्यावरचा राग माणूस आतल्या आत स्वतःवर वळवतो आणि त्यातून उदासीनतेचा आजार होतो, असे त्या पंथाचे मत. बेकही त्याच पंथाचे. हे मत शास्त्रीय रीतीने सिद्ध करावे म्हणून त्यांनी उदास रुग्णांच्या स्वप्नांचा अभ्यास सुरू केला. स्वप्नांत राग सापडेल अशी त्यांची अपेक्षा होती. सापडले मात्र वेगळेच : काहीतरी हरवणे, हार होणे, कोणीतरी आपल्याला नाकारणे. दुसरा एखादा असता तर त्याने आकडे बाजूला ठेवून मत जपले असते. बेक यांनी मत बाजूला ठेवले. मला वाटते, सीबीटीचा खरा जन्म इथेच झाला. कारण जे त्यांनी स्वतःच्या मताचे केले, तेच पुढे ते रुग्णांना स्वतःच्या विचारांचे करायला शिकवू लागले.

रुग्णांशी बोलताना त्यांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. माणूस तोंडाने एक बोलत असतो आणि त्याच वेळी त्याच्या मनात दुसरीच वाक्ये झरझर येऊन जात असतात. 'डॉक्टर कंटाळलेत.' 'मी मूर्खासारखे बोलतोय.' ही वाक्ये इतकी लहान आणि वेगवान असतात की माणसाला ती विचार वाटतच नाहीत. थेट सत्यच वाटतात. बेक यांनी त्यांना 'आपोआप येणारे विचार' असे नाव दिले. उदास माणसाचे हे विचार तीन गोष्टींभोवती घुटमळतात, असे त्यांना आढळले : मी वाईट, जग वाईट, आणि उद्याचा दिवसही वाईट. १९६१ साली त्यांनी उदासीनता मोजण्यासाठी एकवीस प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. पुढे सुधारून घेतलेली ती प्रश्नावली आजही वापरली जाते. १ नोव्हेंबर २०२१ रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी, बेक यांचे निधन झाले.

मन जे चुकीचे हिशेब करते, त्यांच्या काही ठरावीक तऱ्हा आहेत. गंमत म्हणजे आपल्या बोलीभाषेत त्यांना फार पूर्वीच नावे पडली आहेत. लहानशा गोष्टीचे भयंकर संकट करणे म्हणजे राईचा पर्वत करणे. एकदा फजिती झाली की प्रत्येक वेळी होणार असे धरून चालणे, म्हणजे दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पिणे. ही दोन्ही वाक्ये उर्दूतही जवळजवळ जशीच्या तशी आहेत, हे तुम्ही ओळखलेच असेल. काही जण मनकवडे होतात. समोरून येणाऱ्या मैत्रिणीने सलाम केला नाही की 'ती माझ्यावर नाराज आहे' असे त्यांनी ठरवूनच टाकलेले असते. तिचा चश्मा घरी राहिला असेल, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. काही जण पोपटवाल्या जोतिष्यासारखे भविष्य सांगतात : 'मी तोंडी परीक्षेत अडखळणारच.' काहींच्या डोळ्यांना काळा आणि पांढरा असे दोनच रंग दिसतात. पहिला नंबर नाही म्हणजे सर्व वाया. आणि काही जण एका चुकीवरून स्वतःवर कायमचा शिक्का मारतात. 'माझे हे गणित चुकले' असे म्हणण्याऐवजी ते म्हणतात, 'मी ढ आहे.'

उर्दूत आपण 'वहम' म्हणतो. तोच शब्द मराठीत येऊन 'वहीम' झाला, पण इथे त्याचा अर्थ थोडा बदलला. मराठीत वहीम म्हणजे संशय. उर्दूतला वहम मनातच राहतो; मराठीतल्या वहिमाची चौकशी होते. असाच दुसरा शब्द 'खातरजमा'. उर्दूत 'खातिर जमा रखिए' म्हणजे निश्चिंत राहा, मन स्वस्थ ठेवा. मराठीत 'खातरजमा करणे' म्हणजे एखादी गोष्ट खरी की खोटी ते तपासून पाहणे. सीबीटी समजावून सांगताना मला या एका शब्दाचा फार उपयोग होतो. त्यात मराठी अर्थाने खातरजमा करायची असते, आणि ती नीट झाली की उर्दू अर्थाची खातिर जमाही पुष्कळदा आपोआप होते.

ही खातरजमा कशी करतात? सलमा समुपदेशकाकडे गेली असे धरू. समुपदेशक तिला 'तू हुशार आहेस, घाबरू नकोस' असे सांगत बसणार नाहीत. तसे सांगणारे घरी चार जण असतात आणि त्याचा परिणाम दारापर्यंतच टिकतो. ते तिला एका वहीत रकाने आखायला सांगतील. पहिल्या रकान्यात काय घडले ते लिहायचे. दुसऱ्यात त्या क्षणी मनात आलेला विचार, जसाच्या तसा. तिसऱ्यात भावना आणि ती शंभरापैकी किती तीव्र होती तो आकडा. सलमा लिहील : 'गणिताचे पुस्तक उघडले. मी मार्चमध्ये नापास होणार. भीती, नव्वद.' कागदावर उतरलेला विचार डोळ्यांसमोर येतो आणि मग त्याची कोर्टात होते तशी उलटतपासणी करता येते.

या विचाराच्या बाजूने पुरावा काय? सहामाहीत एकतीस गुण मिळाले, हा खरा पुरावा आहे. तो नाकारायचा नाही. विरुद्ध बाजूने पुरावा काय? नववीत ती पास झाली होती. एकतीसपैकी बावीस गुण बीजगणितात आहेत, म्हणजे 'गणित येतच नाही' हे वाक्य तिच्याच उत्तरपत्रिकेला मान्य नाही. पास व्हायला पस्तीस लागतात, म्हणजे कमी पडले ते चार. अब्बा शाळा बंद करतील, असे अब्बा कधी म्हणाले होते का? की हे तिने त्यांच्या वतीने स्वतःच ठरवले? नसरीनच्या मनात हाच विचार आला असता तर सलमाने तिला काय सांगितले असते? हा शेवटचा प्रश्न दिसायला साधा आहे, परंतु सगळ्यांत जास्त काम तोच करतो. आपण मैत्रिणीला जेवढा न्याय देतो, तेवढा स्वतःला देत नाही.

मग चौथ्या रकान्यात नवे वाक्य येते : 'माझी भूमिती कच्ची आहे. परीक्षेला चार महिने आहेत. शिकले नाही तर नापास होईन, शिकले तर पास होण्याची चांगली शक्यता आहे.' या वाक्यात गोडवा नाही, खोटी आशाही नाही. पुष्कळ लोकांची अशी समजूत असते की सीबीटी म्हणजे वाईट विचारांऐवजी चांगले विचार करणे. तसे नाही. त्यात खोट्या विचारांऐवजी खरे विचार शोधायचे असतात, आणि खरा विचार कधीकधी कडूही असतो. सलमाची भीती नव्वदवरून पन्नासवर आली तरी पुष्कळ झाले. पन्नास भीती घेऊन माणूस पुस्तक उघडू शकतो.

पण नुसते वहीत लिहून भागत नाही. पोहण्यावरचे पुस्तक वाचून कोणी पोहायला शिकत नाही. म्हणून या पद्धतीच्या नावात 'वर्तन' हा शब्द आहे. समुपदेशक सलमाला छोटे प्रयोग करायला लावतील. पहिल्या दिवशी फक्त दहा मिनिटे भूमितीचे पुस्तक उघडून बसायचे, एकही उदाहरण सोडवले नाही तरी चालेल. तिला वाटते की छातीची धडधड वाढत वाढत असह्य होईल. प्रत्यक्षात ती थोडी वाढते आणि मग बहुधा आपोआप ओसरते, हे तिला स्वतःच्या घड्याळावर पाहायला मिळते. मग रोज एक सोपे उदाहरण. मग वर्गात हात वर करून एक शंका विचारायची आणि किती मुली खरोखर हसतात ते मोजायचे. भीतीची अशी शिडी करून एकेक पायरी चढायची असते. कुत्र्याला, अंधाराला, लिफ्टला किंवा स्टेजवर बोलायला घाबरणाऱ्यांसाठीही अशीच शिडी करतात. जे खूप उदास असतात, ज्यांना उठावेसेच वाटत नाही, त्यांच्यासाठी आधी दिवसाचे छोटे वेळापत्रक करतात : आंघोळ, थोडे चालणे, एखादे आवडीचे काम. 'मन लागले की काम करीन' असे उदास माणूस म्हणतो. इथे त्याला उलट्या बाजूने, कामापासून मनाकडे नेतात.

मनाचा आणि विचारांचा हा संबंध काही फक्त अमेरिकेतच कोणाला सुचला असे नाही. साधारण अकराशे वर्षांपूर्वी, आजच्या अफगाणिस्तानातील बल्ख या प्रदेशात अबू जैद अल-बल्खी नावाचे विद्वान होऊन गेले. त्यांचा मृत्यू इ.स. ९३४ मधला. शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर त्यांनी अरबीत एक ग्रंथ लिहिला. राग, भीती, दुःख आणि वसवसा अशा मनाच्या दुखण्यांचा त्यांनी त्यात वेगवेगळा विचार केला आहे. वैद्य शरीराकडे पाहतात आणि मनाकडे दुर्लक्ष करतात, अशी त्यांची तक्रार होती. त्यांचा एक सल्ला मोठा व्यवहारी आहे. शरीराच्या अचानक दुखण्यासाठी आपण जशी औषधे घरात आणून ठेवतो, तसे मन निरोगी असताना चांगले, खरे विचार साठवून ठेवावेत. म्हणजे मन बिघडले की ते हाताशी असतात. बल्खींनी सीबीटी शोधून काढली असे म्हणणे मात्र बरोबर होणार नाही. मोजमाप, तुलना आणि प्रयोग यांवर उभी असलेली पद्धत विसाव्या शतकातली आहे.

मोजमापाचा विषय निघाला म्हणून सांगतो. १९७७ साली बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उदासीनतेच्या ४१ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना त्या काळचे प्रचलित औषध दिले, तर काहींवर नवी पद्धत वापरली. नव्या पद्धतीचे रुग्ण अधिक सुधारले. ४१ हा आकडा लहान होता. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अडीचशे रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात एवढा फरक दिसला नाही, आणि ज्यांचा आजार तीव्र होता त्यांना औषधाचा उपयोग अधिक झालेला आढळला. म्हणून आज डॉक्टर रुग्ण पाहून ठरवतात. कोणाला सीबीटी, कोणाला औषध, कोणाला दोन्ही.

या साऱ्या अभ्यासांपेक्षा मला पाकिस्तानातल्या एका अभ्यासाचे महत्त्व जास्त वाटते. रावळपिंडी जिल्ह्यातील खेड्यांत गरोदर असतानाच उदासीनतेच्या आजाराने ग्रासलेल्या स्त्रिया पुष्कळ होत्या. मनोविकारतज्ज्ञ तिथे जाणार कसे? मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर आतिफ रहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग काढला. तिथे घरोघर फिरणाऱ्या 'लेडी हेल्थ वर्कर' आहेत, आपल्याकडच्या आशाताईंसारख्या. त्यांतल्या बहुतेक माध्यमिक शाळेपर्यंत शिकलेल्या. त्यांनाच थोडे प्रशिक्षण देऊन सीबीटीच्या सोप्या पायऱ्या शिकवल्या : घातक विचार ओळखणे, त्याच्या जागी हितकारक विचार ठेवणे, आणि तो कृतीत आणणे. चित्रांची पुस्तके तयार केली. 'तुम्ही मनाने आजारी आहात' असे म्हणून सुरुवात केली असती तर सासूने दारच लावून घेतले असते. म्हणून बोलणे बाळाच्या तब्येतीपासून सुरू होई, आणि घरातल्या इतरांनाही त्यात घेतले जाई. 'माझे नशीबच असे, माझे बाळ अशक्तच राहणार' असे म्हणणाऱ्या आईबरोबर बसून त्या वाक्याची खातरजमा करायची आणि आठवडाभरात बाळासाठी काय करून पाहायचे ते ठरवायचे, असे ते काम.

या अभ्यासात ९०३ स्त्रिया होत्या. निम्म्या भागांत प्रशिक्षित कार्यकर्त्या गेल्या. उरलेल्या भागांत तेवढ्याच भेटी झाल्या, पण त्या कार्यकर्त्यांना हे प्रशिक्षण नव्हते. बाळ सहा महिन्यांचे झाल्यावर तपासणी केली तेव्हा दुसऱ्या गटात शेकडा ५३ माता अजून आजारी होत्या. पहिल्या गटात शेकडा २३. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत इतर देशांसाठीही स्वीकारली.

आपल्या शेजारी गोव्यातही असेच काम झाले. तिथल्या 'संगाथ' या संस्थेने डॉक्टर विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. उदासीनतेच्या ४९५ रुग्णांपैकी निम्म्यांना, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी दिल्या. त्यांचा भर प्रामुख्याने वागणुकीच्या बाजूवर, म्हणजे वर सांगितलेल्या छोट्या वेळापत्रकासारख्या कामांवर होता. तीन महिन्यांनी या गटातले शेकडा ६४ रुग्ण आजारातून बाहेर आले होते. दुसऱ्या गटात शेकडा ३९.

आता मर्यादांविषयी. सर्व दुःखे विचारांच्या चुकीतून येत नाहीत. घरात खायला नसेल, कोणी मारत असेल, वर्गात कोणी रोज जातीवरून किंवा नावावरून अपमान करत असेल, तर त्या मुलाला 'तुझे विचार बदल' असे सांगणे हा अन्याय आहे. तिथे आधी परिस्थिती बदलली पाहिजे. मोठ्यांनी मध्ये पडले पाहिजे. जवळचे माणूस गेल्यावर रडू येते, त्याला उपचार लागत नाही. काही मानसिक आजारांत औषध घ्यावेच लागते आणि ते न लाजता घ्यावे. शिवाय सीबीटी कष्टाची आहे. तिच्यात घरचा अभ्यास असतो, आणि घरचा अभ्यास न करणाऱ्याला ती फारशी लागू पडत नाही. सर्वांनाच ती लागू पडते असेही नाही.

मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणारा माणूस वेडा, ही समजूत अजून आपल्या मोहल्ल्यांतून गेलेली नाही. दात दुखल्यावर दंतवैद्याकडे जाणाऱ्याला कोणी नावे ठेवत नाही. मुलगी महिनाभर जेवत नाही, तेव्हा मात्र घरचे शेजाऱ्यांना काय वाटेल याचा विचार करत बसतात. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी व्यवस्थेत मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे. सरकारी जिल्हा रुग्णालयात चौकशी करता येते. ठाण्यात डॉक्टर आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या संस्थेसारख्या संस्थाही मदत करतात. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही सरकारची दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही, विनामूल्य बोलता येते. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर त्याच दिवशी अम्मी-अब्बांना, शिक्षकांना किंवा या क्रमांकावर सांगावे. जगणे नकोसे वाटण्याची गोष्ट मैत्रिणीने तुम्हांला 'कोणाला सांगू नकोस' म्हणून सांगितली असेल, तर ती मात्र मोठ्या माणसाला सांगायचीच. ते गुपित पाळायचे नसते.

समुपदेशकाची भेट साधारण पाऊण तासाची असते आणि बहुधा आठवड्यातून एकदा. पहिल्या भेटीत ते झोप, भूक, अभ्यास, घरची माणसे यांविषयी विचारतात आणि मग 'तुला यातले नेमके काय बदलायला हवे आहे?' असा प्रश्न करतात. लगेच उत्तर सुचले नाही तरी हरकत नसते. जाताना एक कोरी वही बरोबर न्यावी. रकाने बहुधा लवकरच आखावे लागतात.

शब्दार्थ

वैरी – शत्रू, दुश्मन. मठ्ठ – मंद बुद्धीचा. मनकवडा – दुसऱ्याच्या मनातले ओळखणारा. उलटतपासणी – कोर्टात साक्षीदाराला उलट बाजूच्या वकिलाने विचारलेले प्रश्न, जिरह. रकाना – कागदावर आखलेला उभा भाग, खाना. ओसरणे – हळूहळू कमी होणे. समुपदेशक – अडचणीत सल्ला व आधार देणारी प्रशिक्षित व्यक्ती.

स्वाध्याय

१. सलमा आणि नसरीन यांचे गुण सारखे असूनही पुढे फरक का पडला?
२. बेक यांना रुग्णांच्या स्वप्नांत काय सापडेल असे वाटले होते आणि प्रत्यक्षात काय सापडले?
३. रावळपिंडीच्या कार्यकर्त्या बाळाच्या तब्येतीपासून बोलायला का सुरुवात करत?
४. 'वहीम' आणि 'खातरजमा' या शब्दांचे मराठीतील व उर्दूतील अर्थ सांगून प्रत्येकी एक वाक्य लिहा.
५. पुढील वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : राईचा पर्वत करणे, शिक्का मारणे, मन लागणे.
६. तुमच्या मैत्रिणीच्या किंवा मित्राच्या मनात 'मी स्नेहसंमेलनात बोललो तर सगळे हसतील' असा विचार आला आहे. पाठात दाखवल्याप्रमाणे वहीत चार रकाने आखून त्या विचाराची खातरजमा करा.